‘त’ आणि ‘ला’ यांच्यामधलं सोन्याचं धुपाटणं

मराठी बायबलच्या भाषांतरकारांना आणि संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी बायबलचं भाषांतर, सुधारणा आणि मुद्रितशोधन करणाऱ्या सर्व बंधुभगिनींस,

प्रभूत सप्रेम सलाम.

मी निवृत्त शिक्षक. नगर जिल्ह्यातल्या एका हायस्कूलला ३४ वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा नव्या कराराच्या मूळ भाषेचा, ग्रीकचा, नाद लागला. पंडित वगैरे काही नाही, कोश उघडून एकेक वचन सोडवत बसणारा माणूस. हे पत्र एका वचनातल्या एका भांड्याबद्दल आहे, आणि खरं सांगायचं तर भांड्यापेक्षाही एका विभक्ती प्रत्ययाबद्दल आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. माझ्या घरच्यांनाही तसंच वाटतं.

झालं असं. आमच्या गल्लीत दर बुधवारी घरोघरी उपासना असते. त्या दिवशी नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय वाचायला होता. निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएल लोकांच्या तंबूवजा मंदिराचं वर्णन: पहिल्या भागात दीपवृक्ष, मेज आणि समर्पित भाकरी, दुसऱ्या पडद्यामागे परमपवित्रस्थान, म्हणजे सगळ्यात आतली खोली, आणि ‘त्यात’ सोन्याची धूपवेदी, कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी) वगैरे. वाचन संपलं आणि आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. तिनं आदल्याच महिन्यात रविवारच्या शाळेत जुन्या करारातलं निर्गम वाचलं होतं. ती म्हणाली, “काका, पडद्याच्या आत तर मुख्य याजक वर्षातून एकदाच जायचा ना? मग रोज सकाळ-संध्याकाळ आतल्या वेदीवर धूप कोण जाळायचं?”

संदेश देणारे बंधू हसले आणि “बाळ, वचन विश्वासानं वाचायचं असतं” म्हणून पुढच्या वचनाकडे वळले. मुलगी गप्प बसली. मीही गप्प बसलो, कारण उत्तर मलाही येत नव्हतं. पण ३४ वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला असं गप्प बसणं पचत नाही. घरी येऊन ग्रीक नवा करार उघडला आणि पुढचे काही महिने त्या एका वचनातच अडकलो.

मुलीचा प्रश्न किती नेमका होता बघा. निर्गमच्या तिसाव्या अध्यायात धूपवेदीची मापं दिली आहेत: एक हात लांब, एक हात रुंद, दोन हात उंच. बाभळीचं लाकूड, वरून शुद्ध सोनं, कोपऱ्यांना शिंगं, उचलून नेण्यासाठी कड्या आणि दांडे. म्हणजे आपल्याकडच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाएवढी वस्तू. ती अंतरपटाच्या पुढे ठेवायची आणि अहरोनानं रोज सकाळी दिवे साफ करताना व संध्याकाळी दिवे लावताना तिच्यावर धूप जाळायचा. चाळिसाव्या अध्यायात मोशे ती तशीच, पडद्याच्या अलीकडे ठेवतो. पुढे मंदिराच्या काळातही हाच रिवाज. लूकच्या पहिल्याच अध्यायात जखऱ्या याजकाच्या नावानं चिठ्ठी निघते, तो धूप जाळायला आत जातो आणि देवदूत त्याला धूपवेदीच्या उजव्या बाजूला उभा दिसतो. जखऱ्या मुख्य याजक नव्हता. पडद्याआड जायचा त्याला अधिकारच नव्हता. तेव्हा वेदी बाहेरच होती, यात शंका नाही.

मग इब्री लोकांस पत्र लिहिणारा, ज्याला जुना करार तळहातासारखा पाठ होता, तो ती आत कशी ठेवतो?

मूळ शब्द आहे ‘थुमियातेरिऑन’. सगळ्या नव्या करारात हा शब्द फक्त इथे, नवव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात येतो. दुसरीकडे कुठे असता तर ताडून पाहता आला असता. शब्द मात्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याच्या पोटात ‘थुमिआओ’ हे क्रियापद आहे: धूर करणे, धूप जाळणे. त्याचं मूळ आणि आपल्या संस्कृत ‘धूम’चं मूळ एकच. लॅटिनमधला ‘फूमुस’ही त्याच घरातला. आपल्या धूमकेतूतला धूम आणि त्या सोन्याच्या भांड्यातला थुम हे चुलतभाऊ आहेत, हे कळलं तेव्हा मी चहा गार होऊ दिला होता.

अडचण शब्दाच्या शेपटीत आहे. ‘-तेरिऑन’ हा प्रत्यय हत्याराला लागतो तसा जागेलाही लागतो. ‘पोतेरिऑन’ म्हणजे पिण्याचा पेला, प्रभुभोजनात येतो तोच. हातात धरायची वस्तू. ‘देस्मोतेरिऑन’ म्हणजे बांधून ठेवायची जागा, बंदिशाळा. पौल आणि सीला जिथे होते आणि भूकंपानं जिचे पाये हादरले ती. ‘थुसियास्तेरिऑन’ म्हणजे यज्ञाची वेदी. तेव्हा ‘थुमियातेरिऑन’ म्हणजे ‘ज्याने किंवा जिथे धूप जाळतात ते’, एवढंच शब्द सांगतो. चूल की शेगडी, ते सांगत नाही.

त्यामुळे जगभरच्या भाषांतरांचे इथे दोन तट पडले. जुन्या लॅटिन भाषांतरात, व्हल्गेटमध्ये, ‘तुरिबुलुम’ म्हणजे धुपाटणं. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरातही धुपाटणं. १९०१ च्या अमेरिकन सुधारित आवृत्तीत मात्र धूपवेदी, आणि नंतरची बहुतेक आधुनिक भाषांतरं त्याच वाटेनं गेली. माझी आजी हे वचन पाठ म्हणायची तेव्हा तिच्या तोंडी ‘सोन्याचे धुपाटणे’ असायचं. तिला ते कुठून मिळालं, कोणत्या छापील प्रतीतून की जुन्या पाळकांच्या तोंडून, हे मी तिला विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही.

धुपाटण्याच्या बाजूचा पुरावा हलका नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की सायप्रसच्या सलामिसचा राजा युएल्थॉन यानं डेल्फीला एक प्रेक्षणीय थुमियातेरिऑन अर्पण केलं. दुसरा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस, त्यानं तर एक फसवणुकीचा किस्साच लिहून ठेवला आहे. सिसिलीतल्या एगेस्टाच्या लोकांना अथेन्सची फौज मदतीला हवी होती, पण पैसा नव्हता. त्यांनी अथेन्सच्या वकिलांना एरिक्सच्या देवळात नेऊन तिथली चांदीची भांडी दाखवली: वाडगे, सुरया आणि थुमियातेरिआ. दिसायला लखलखाट, किंमत थोडी. वकील भुलले. तिथे थुमियातेरिऑन म्हणजे मांडून दाखवायचं भांडं आहे हे उघड आहे.

आता जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर, सत्तरी. पत्रलेखकाच्या हातातलं पुस्तक तेच. त्यात दुसऱ्या इतिहासाच्या २६ व्या अध्यायात उज्जीया राजा मंदिरात घुसून स्वतःच धूप जाळायला जातो. ८० याजक त्याला अडवायला उभे राहतात. तो संतापतो, आणि त्याच्या कपाळावर कोड फुटतं. त्या वेळी त्याच्या हातात काय होतं? थुमियातेरिऑन. आणि तो कशाजवळ उभा होता? धूपाच्या ‘थुसियास्तेरिऑन’जवळ. एकाच प्रसंगात दोन वस्तू, दोन शब्द. यहेज्केलच्या आठव्या अध्यायातले ७० वडील भिंतीवरच्या मूर्तींपुढे धूप जाळतात तेव्हाही प्रत्येकाच्या हातात थुमियातेरिऑनच आहे. (सत्तरीत या शब्दाला संगत बरी लाभली नाही, हे खरं. चौथ्या मक्काबी पुस्तकात मात्र तो अहरोनाच्या हाती आहे. तिथे अहरोन शस्त्र घ्यावं तसं धुपाटणं घेऊन लोकांच्या गर्दीतून धावतो.)

शिवाय नवव्या अध्यायाचा विषयच प्रायश्चित्ताचा दिवस. लेवीयच्या १६ व्या अध्यायाप्रमाणे त्या दिवशी मुख्य याजकानं निखाऱ्यांनी भरलेलं पात्र आणि दोन मुठी धूप घेऊन अंतरपटाच्या आत जायचं असतं. यहुद्यांच्या मिश्नामध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, योमा नावाचं प्रकरण आहे. त्यात म्हटलंय की इतर दिवशी याजक चांदीच्या पात्रानं निखारे काढी आणि सोन्याच्या पात्रात ओती. पण या दिवशी सोन्याच्याच पात्रानं काढी आणि तेच घेऊन आत जाई. सोन्याचं धुपाटणं पडद्याआड! आजीचा पक्ष इथे जिंकल्यासारखा वाटतो.

पण दुसरी बाजू ऐका. पत्रलेखकाच्या काळात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांमध्ये हा शब्द वेदीसाठी रूढ झाला होता. अलेक्झांड्रियाचा यहुदी विचारवंत फिलो मंडपातल्या तीन वस्तू मोजतो: दीपवृक्ष, मेज आणि थुमियातेरिऑन. यहुदी इतिहासकार योसेफस तर जेरुसलेमचाच. इ.स. ७० मध्ये मंदिर जळालं तेव्हा तो रोमी छावणीत होता. तोही मंदिराच्या पवित्रस्थानातल्या याच तीन वस्तू सांगतो आणि थुमियातेरिऑनवर समुद्रातून, वस्तीतून आणि ओसाड रानातून आणलेली १३ प्रकारची सुगंधी द्रव्यं जळत, असं लिहितो. ही धूपवेदी आहे, दुसरं काही असूच शकत नाही. आणि लेवीयच्या १६ व्या अध्यायातल्या त्या निखाऱ्याच्या पात्राला सत्तरीत थुमियातेरिऑन म्हटलेलं नाहीच. तिथे ‘पुरेइऑन’ आहे. ‘पूर’ म्हणजे आग, त्यावरून आगीचं भांडं. प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात देवदूताच्या हाती सोन्याचं धुपाटणं आहे, तिथे तिसराच शब्द, ‘लिबानोतॉस’. त्याचा मूळ अर्थ खुद्द ऊद. आतल्या मालाचं नाव भांड्याला लागलं.

माझ्या मनाचा काटा शेवटी एका साध्या गोष्टीनं वेदीकडे झुकला. लेखक मंडपातल्या सामानाची यादी देतोय. दीपवृक्ष आहे, मेज आहे, भाकरी आहे, कोश आहे, कोशातली काठीसुद्धा आहे. थुमियातेरिऑन म्हणजे धुपाटणं धरलं, तर या यादीत धूपवेदीच नाही! ज्या वेदीवर रोज दोनदा धूप जळे, जिच्या शिंगांना वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचं रक्त लागे, ती विसरायची आणि मोशेच्या वर्णनात सोन्याचं म्हणून कुठे नोंद नसलेलं धुपाटणं लिहायचं, हे त्या काटेकोर लेखकाकडून होईल असं मला वाटत नाही.

म्हणून माझं मत धूपवेदीला. पण मग त्या मुलीचा प्रश्न परत दारात उभा राहतो. वेदी आत कशी?

हा पेच जुन्या लेखनिकांनाही पडला होता. रोमच्या व्हॅटिकन ग्रंथालयात चौथ्या शतकातलं बायबलचं हस्तलिखित आहे, ‘कोडेक्स व्हॅटिकानुस’. त्याची छायाचित्रं आता घरबसल्या पाहता येतात. त्यात ‘सोन्याचं थुमियातेरिऑन’ हे शब्द चौथ्या वचनात नाहीतच. ते उचलून दुसऱ्या वचनात, मेजाच्या आणि भाकरींच्या पंक्तीला नेऊन बसवले आहेत. वेदी पडद्याबाहेर आली, प्रश्न मिटला. पण बाकीच्या बहुतेक जुन्या प्रतींत हे शब्द चौथ्या वचनातच आहेत, आणि अवघड पाठ सोपा करण्याचा मोह लेखनिकाला होतो, सोपा अवघड करण्याचा होत नाही. त्यामुळे ही दुरुस्तीच समजायची. गंमत अशी की याच हस्तलिखितात, याच पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या समासात, एका नंतरच्या लेखनिकानं मजकुरात हात घालणाऱ्या दुसऱ्या कोणाला खडसावलं आहे: अरे महामूर्खा, दुष्टा, जुना पाठ राहू दे, बदलू नकोस! मुद्रितशोधकांच्या टेबलावर ही ओळ चिकटवून ठेवावी अशी आहे. मी वह्या तपासायचो तेव्हा मला माहीत असती तर मीच ठेवली असती.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो.

वचनाची ग्रीक बांधणी नीट पाहिली तर लेखक तीनदा ‘कशात काय आहे’ ते सांगतो, पण तिन्ही वेळा एकाच पद्धतीनं नाही. दुसऱ्या वचनात पहिल्या मंडपाबद्दल तो म्हणतो ‘एन हे’, म्हणजे ‘ज्यात’ दीपवृक्ष आणि मेज. चौथ्या वचनाच्या शेवटी कोशाबद्दल पुन्हा ‘एन हे’, ‘ज्यात’ मान्नाचं सोन्याचं पात्र, काठी आणि पाट्या. पण मधे परमपवित्रस्थान आणि थुमियातेरिऑन यांच्याबद्दल बोलताना तो ‘एन हे’ टाकून ‘एखूसा’ म्हणतो. ‘एखो’ म्हणजे असणे, बाळगणे, जवळ असणे. ‘थुमियातेरिऑन असलेला मंडप.’ ‘ज्यात’ असं त्यानं म्हटलेलं नाही.

शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय: द्वितीया स, ला, ते, सप्तमी त, ई, आ. मी हे ३४ वर्षं घोकून घेतलं आणि त्यातलं सौंदर्य मला या वचनानं दाखवलं. ‘वाड्यात आड आहे’ आणि ‘वाड्याला आड आहे’ यांत फरक आहे की नाही? ‘शाळेला मैदान आहे’ म्हटल्यावर मैदान वर्गात शोधायला कोणी जात नाही. ‘देवळाला दीपमाळ आहे’ म्हटलं की दीपमाळ अंगणात आहे हे लहान पोरालाही कळतं. गाभाऱ्यात दीपमाळ कशी, असा प्रश्न कोणाला पडत नाही. पण ती देवळाचीच असते, गाभाऱ्यातल्या देवासाठीच पेटते. ‘ला’ मालकी सांगतो, नातं सांगतो; जागा सांगायची जबाबदारी घेत नाही.

आणि याच ‘ला’च्या पोटात आतलं नि बाहेरचं दोन्ही मावतं. ‘आमच्या घराला चार खोल्या आहेत आणि विहीर आहे.’ खोल्या आत, विहीर परसात, क्रियापद एक, प्रत्यय एक. ग्रीक वाक्याची नेमकी हीच गत आहे: एकाच ‘एखूसा’ला दोन कर्मं, वेदी आणि कोश. कोश आत, वेदी पडद्याच्या अलीकडे. इंग्रजीत याची कसरत करावी लागते. मराठीत हे आपल्या आयांच्या बोलण्यात आहे.

तेव्हा वचन असं होईल: “दुसऱ्या पडद्यामागे परमपवित्रस्थान म्हटलेला मंडप होता, त्याला सोन्याची धूपवेदी आणि सगळीकडून सोन्यानं मढवलेला कराराचा कोश होता, त्या कोशात...” आणि पुढे जसं आहे तसं. त, ला, त.

हे मी माझ्या सोयीसाठी ओढूनताणून बसवतोय असं कोणी म्हणू नये, म्हणून पहिल्या राजेचा सहावा अध्याय उघडून पाहावा ही विनंती. शलमोन मंदिर बांधतोय. बाविसाव्या वचनात धूपवेदीला सोन्यानं मढवल्याचं सांगताना हिब्रू शब्द आहेत ‘हम्मिज्बेआख अशेर लद्दविर’. ‘दविर’ म्हणजे आतलं परमपवित्रस्थान. आणि त्याच्या आधीचा ‘ल’ हा हिब्रूचा संबंध दाखवणारा प्रत्यय: ‘जी वेदी दविराला होती ती’. दविरात नव्हे. म्हणजे वेदी बाहेर उभी असूनही आतल्या खोलीची समजायची ही जुन्या करारातलीच रीत. इब्री लोकांस पत्राच्या लेखकानं ती ‘एखूसा’मध्ये पकडली आहे, असं माझं वाचन आहे. हिब्रू ‘ल’ आणि मराठी ‘ला’ यांचं काही नातं नाही, ध्वनीचा योगायोग आहे फक्त. पण मराठी भाषांतरकाराच्या पदरात पडलेला असा योगायोग वाया का घालवावा?

वेदी आतल्या खोलीची का, याचं कारणही निर्गमच्या मांडणीतच सापडतं. मोशेला सांगितलंय की वेदी कोशाच्या समोर ठेव. मधे पडदा आहे, पण वेदीचं तोंड कोशाकडे. धूर वर चढतो आणि पडद्याला जुमानत नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी तर धुपाच्या ढगानंच दयासन, म्हणजे कोशाचं झाकण, झाकायचं असतं. आपल्याकडे लग्नातला अंतरपट दोघांच्या मधे धरतात, पण अक्षता त्यावरून पलीकडे जातातच. मराठी बायबलनं त्या पडद्याला ‘अंतरपट’ हा शब्द दिला, तो ज्याला सुचला त्याला माझा दंडवत.

असा शब्द सुचायला मराठी आतून यावी लागते आणि मूळ भाषा समोर लागते. पंडिता रमाबाईंनी ही दोन्ही कामं एकटीच्या हिमतीवर केली. पौंड-शिलिंगांच्या संस्था पाठीशी घेऊन नव्हे, तर केडगावच्या आपल्या मुक्ती आश्रमात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते पुरं छापून निघालं. त्या कामाला शंभर वर्षं होऊन गेली. मूळावरून मराठीत येण्याची वाट आपल्याकडे तेव्हाच पडलेली आहे. इंग्रजीच्या पुलावरून फिरून यायचं कारण नाही. ‘एखूसा’चं इंग्रजी करायचं आणि मग त्या इंग्रजीचं ‘ज्यात होते’ करायचं, या फेऱ्यात ‘ला’ गळून पडतो. हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे.

‘धुपाटणे’ या शब्दाबद्दल थोडं, कारण तो मला सोडवत नाही. आमच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेत धूप जळत नाही. आम्हाला धुपाचा वास शेजाऱ्यांच्या आरतीतून आणि दर्ग्यातल्या उदातून माहीत. वसईच्या कॅथलिक देवळांत मात्र साखळ्यांनी झुलवायचं धुपाटणं सणावारी आजही दिसतं. म्हणजे एकच वचन वसईत वाचलं तर हातात झुलणारी वस्तू डोळ्यांपुढे येणार, आणि नगरात वाचलं तर पितळी धुपाटणं, मुठीचं, शेजारच्या काकूंच्या देवघरातलं. दोन्ही चित्रांत वस्तू हातात आहे, जमिनीवर नाही. म्हणून ‘धुपाटणे’ छापलं की वाचकाच्या मनात निर्णय होऊन जातो. ‘धूपवेदी’ छापलं तरी होतोच, दुसऱ्या बाजूला. दोन्हीला पुरेल असा मराठी शब्द मी बराच शोधला. ‘धूपपात्र’ म्हणून पाहिलं, पण पात्रात वेदी बसत नाही. ‘धूपस्थान’ म्हटलं तर एखाद्या तीर्थक्षेत्राचं नाव वाटतं. बायको म्हणाली, “धुपाचं काहीतरी म्हणा.” शब्दाच्या अर्थाच्या ती सगळ्यात जवळ गेली होती.

शब्द सापडत नाही म्हणूनच टीप हवी. माझी मागणी एवढीच आहे:

चौथ्या वचनात ‘त्यात’ऐवजी ‘त्याला’ करा. मजकुरात ‘धूपवेदी’ ठेवा, आणि तळाला दोन ओळी द्या: मूळ शब्दाचा अर्थ धुपाटणे असाही होतो, धूपवेदी अंतरपटाच्या बाहेर असे, पाहा निर्गम ३०:६ आणि १ राजे ६:२२. तुमचं मत आजीच्या बाजूचं असेल तर मजकुरात ‘धुपाटणे’ ठेवा आणि टीप उलटी करा. माझी हरकत नाही. गुपचूप एकच अर्थ छापून वाचकाला वाटेला लावणं, एवढं मात्र नको. शंका विचारणाऱ्या मुलीला “विश्वासानं वाच” म्हणायची पाळी छापील पानानं कोणावर आणू नये.

टिपांनी सामान्य वाचकाचा गोंधळ उडतो, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. एका कार्यालयाला मी याबद्दल पूर्वी लिहिलं होतं, तेव्हा उत्तरात हेच आलं होतं, आणि सोबत “आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे”. मंडळी, आमच्या सामान्य वाचकाच्या घरी सातबारा आहे. त्याला ‘त’ आणि ‘ला’चा फरक तलाठ्याच्या ऑफिसात चांगला कळतो: शेतात विहीर आहे की शेताला विहिरीचं पाणी आहे, यावर भाऊबंदकीच्या केसेस चालल्या आहेत. दोन ओळींची टीप त्याला जड जाणार नाही.

आणि हो, पत्रलेखकाचं पुढचंच वाक्य विसरू नका. पाचव्या वचनात तो म्हणतो, यांविषयी आता एकेक करून सांगता येत नाही. त्याला घाई होती, त्याचा खरा विषय पुढे होता. सामानाची यादी त्यानं ओघात दिली आणि निघून गेला. सांगत बसला असता तर आपले बरेच कष्ट वाचले असते. हे पत्र कोणी लिहिलं तेही तो सांगत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं त्याबद्दल हात टेकले होते: कोणी लिहिलं ते देवालाच ठाऊक.

एक शेवटची, व्यावहारिक गोष्ट. आमच्या उपासनेत आता निम्मी माणसं मोबाईलवर वाचतात. छापील प्रतीतली टीप मोबाईलमध्ये बारीक चांदणीत दडते आणि त्या चांदणीला बोट लावायचं असतं हे आमच्या वयाच्या माणसांना माहीत नसतं. शक्य असेल तर या वचनाची टीप वचनाखालीच, उघडी दिसेल अशी ठेवा. त्या मुलीला उत्तर मी शेवटी एका बुधवारी दिलं, ‘वाड्याला आड’ सांगून. तिनं लगेच विचारलं, “मग पुस्तकात ‘त्यात’ का छापलंय?” ते तुम्हाला विचारून सांगतो म्हणालो आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
नगर जिल्ह्यातला एक वाचक